गंजचा पहिला अल्बम

माझ्या धाकट्या भावाचा आवाज लहानपणापासून घोगरा. शाळेत त्याला कावळा म्हणायचे. पुढे त्याच आवाजावर त्याने एक बँड काढला, चार अल्बम केले, आणि पोस्टरवरसुद्धा ‘कावळा’ असंच नाव छापून घेतलं. बँडचं नाव गंज. आईने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाली, “भांड्याचं नाव कशाला ठेवलंस रे?” त्याच्या मनात लोखंडावरचा गंज होता, तिच्या डोळ्यांसमोर दूध तापवायचा गंज आला. त्या बँडवरून आमच्या घरात झालेला विनोद तेवढा एकच. बाकी सगळी भांडणंच.

ही पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बँड मोडून जमाना झाला. भाऊ एक्कावन्न वर्षांचा, लग्न केलं नाही, टायरच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा आणि मुलांना गिटार शिकवायचा. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. नवरा जाऊन सात वर्षं झाली, मूलबाळ नाही. एका चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते. महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही भेटायचो, चहा प्यायचो, हवापाण्याचं बोलायचो. त्याचं एकही गाणं मी ऐकलेलं नव्हतं. हे सांगितलं की लोकांना खोटं वाटतं, पण खरं आहे. रेडिओवर लागलं की मी बटण फिरवायचे. तो कधी विचारायचा नाही, मी कधी सांगायचे नाही.

एका मंगळवारी टायरवाल्याचा फोन आला. वरून काहीतरी पडल्याचा आवाज आला म्हणून तो बघायला गेला होता. मी दवाखान्यात पोचले तेव्हा भावाची उजवी बाजू लुळी पडलेली आणि वाचा गेलेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, आणि बोलणं असतं तिथेच. त्याला समजत सगळं होतं. मी कालचं जुनं बिस्कीट दिलं तर तोंड वाकडं करायचा. पण सांगायला जाई तेव्हा एकच शब्द बाहेर पडे. “मग.” पाणी हवं असलं तरी मग, पाठ दुखत असली तरी मग, राग आला की मग, मग, मग. त्याच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्याला वाटलं हा गोष्ट ऐकायला मागतोय. तो बिचारा रोज त्याला आपल्या नोकरीच्या गोष्टी सांगायचा.

तीन आठवड्यांनी त्याला मी घरी आणलं. दुसरं होतं कोण? माझ्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाहेरच्या खोलीत भाड्याचा लोखंडी पलंग लावला. मी सकाळी नऊला निघायचे, दुपारी धावत येऊन त्याला जेवायला घालायचे, परत जायचे, सहाला यायचे. पहिल्याच आठवड्यात एक दिवस तो काठी टेकत दार उघडून बाहेर गेला आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसला तो बसलाच. उठता येईना. खालच्या सलूनवाल्याला दिसला तेव्हा दोन तास झाले होते आणि पायजमा ओला झाला होता. सलूनवाल्याने मला नुसतं सांगितलं, दोष दिला नाही. पण मी दुसऱ्या दिवसापासून बाहेरून कडी घालून कुलूप लावायला लागले.

मी कुलूप लावायचे तेव्हा आतून कधी आवाज आला नाही. आवाज करायला त्याच्याकडे होतं काय?

वाचा परत आणायला दवाखान्यात एक थेरपिस्ट मुलगी होती. आठवड्यातून दोनदा मी अर्धी सुट्टी काढून त्याला रिक्षाने तिच्याकडे न्यायचे. कामाची पक्की आणि गोड बोलून फसवणारी नव्हे. एक दिवस बाहेर औषधांची ढकलगाडी कुरकुरत गेली, आणि भावाने त्या कुरकुरीच्या सुरात सूर मिळवून “हंऽऽ” केलं. बरोब्बर तोच सूर. मुलीने हातातलं चित्रांचं पुस्तक मिटलं.

“हे गायचे का कधी?”

“बँड होता त्याचा,” मी म्हटलं. “गंज.”

“गंज?” ती खुर्चीत पुढे सरकली. “हे कावळा आहेत? अहो, माझा मामा वेडा होता यांच्यासाठी!” मग तिने आवाज आवरला. “ऐका. बोलणं मेंदूच्या एका बाजूला असतं, पण गाणं बरंचसं दुसऱ्या बाजूला. काही पेशंटना बोलता येत नाही, पण गाता येतं. गाण्यातले शब्द आधी बाहेर काढायचे, मग त्याच चालीवर रोजचे शब्द चढवायचे. त्यांचीच गाणी घ्या. रोज अर्धा तास. बरोबर गायचं आणि त्यांचा डावा हात तालावर मांडीवर थोपटायचा. कुठल्या अल्बमपासून सुरुवात करायची ते तुम्ही ठरवा, तुम्हाला माहीत असेल.”

मी मान डोलावली. काय माहीत असणार होतं मला, कपाळ!

निघताना तिने विचारलं, “घरी एकटे असतात का दिवसभर?”

“शेजारी लक्ष ठेवतात,” मी म्हटलं.

बंब हा त्यांचा ड्रमवाला. तरुणपणी चांगला गोल गरगरीत होता म्हणून बंब. आता पार काडी झालाय, पण नाव चिकटलं ते चिकटलं. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामात आहे. दुपारच्या सुट्टीत त्याला गाठलं ते एका ऑफिसच्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये. सगळीकडे ग्रीसचा वास. मला बसायला त्याने एक उलटी बादली दिली. भाऊ आजारी पडला तेव्हा तो दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा खिडकीकडे तोंड करून रडला होता.

मी त्याला सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत सुती चिंध्यांना हात पुसत होता.

“नवीन माणसाने गंज कुठून ऐकावा, यावर लोक इंटरनेटवर एकमेकांच्या उरावर बसतात, माहितीय ताई?” तो म्हणाला. “निम्मे म्हणतात दुसरा, ‘उजेड बंद’. त्यातलं गाणं सगळ्यांच्या तोंडी होतं. स्वतःला शहाणे समजतात ते म्हणतात तिसरा, ‘ओली काडी’. तो आम्ही दारूत बुडालो होतो तेव्हाचा आहे, तुझ्या भावाला तर रेकॉर्डिंगचं काही आठवतसुद्धा नव्हतं. चौथ्याला आम्ही नावच दिलं नाही, आणि लोकांनीही त्याचं नाव काढलं नाही.”

“आणि तू काय म्हणतोस?”

“नवीन माणसाला मी दुसराच देईन. पण हा काय नवीन माणूस आहे?” त्याने चिंधी बाजूला टाकली. “त्याच्या हाडात बसलाय तो पहिला. ‘जिन्याखाली’. आठ दिवसांत केला होता, गॅरेजमध्ये, भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकून. त्यातलं ‘कडी’ आम्ही प्रत्येक कार्यक्रमात शेवटी वाजवायचो. अकरा वर्षं. हजारदा तरी झालं असेल. पब्लिक आमच्याबरोबर बोंबलायचं. त्याला झोपेतून उठवून सांगितलं तरी तो ते गाईल.”

“कडी,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. “तू ऐकलं नाहीयेस?”

“नाही.”

“कधीच?”

“नाही म्हटलं ना.”

खाली कुणीतरी बटण दाबलं, आमच्या शेजारची मोटर घरघरली, दोर सरकले, थांबले. “मग तू दुसऱ्यापासूनच सुरुवात कर, ताई,” तो म्हणाला. संध्याकाळी येऊन त्याने चारही सीडी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिल्या आणि जिन्यावरूनच परत गेला.

त्याने सांगितलं नाही, पण मला कळायचं ते कळलं होतं. आमच्या जुन्या घरात जिन्याखाली एक अडगळीची खोली होती. खिडकी नाही, दिवा नाही, कडी बाहेरून. बाबा बर्फाच्या कारखान्यात सुपरवायझर होते, आणि शिस्त म्हणजे काय हे ते हाताने आणि त्या खोलीने शिकवायचे. मला कधी कोंडलं नाही. मी सांगितलेलं ऐकायचे. धाकटा तेरा वर्षांचा असताना त्याने गणिताच्या पेपरला दांडी मारली आणि कुणाच्या तरी घरी जाऊन गिटार वाजवत बसला. शुक्रवारी संध्याकाळी बाबांनी त्याला आत घातलं. आई तेव्हा ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती. शनिवारी सकाळी कामावर जाताना बाबा मला म्हणाले, “मी येईपर्यंत कडीला हात लागला, तर तुझं कॉलेज बंद.”

घरात आम्ही दोघंच. तो सकाळपासून हाका मारत होता. मी पुस्तक घेऊन त्या दारासमोरच्या भिंतीला टेकून बसले होते. उठून दुसऱ्या खोलीत का गेले नाही, ते मला अजूनही सांगता येणार नाही. वाटलं असेल, निदान जवळ तरी बसावं. पण ओ दिली नाही. ओ दिली असती तर कडी काढावी लागली असती. दुपारनंतर त्याचा आवाज बसला. घोगरा होताच, त्या दिवसापासून जास्तच झाला.

रविवारी बाबांनी त्याला बाहेर काढलं. त्याने मला विचारलं, “काल तू कुठे होतीस?” मी म्हटलं, “क्लासला गेले होते. दिवसभर. मला काय माहीत तू हाका मारतोयस?” तो म्हणाला, “बरं.” पुढच्या अडतीस वर्षांत त्याने तो विषय काढला नाही. मीही तोंडात मिठाची गुळणी धरली. इतकी वर्षं की कधीकधी मला खरंच वाटायचं, मी क्लासला गेले होते.

तर मी दुसऱ्या अल्बमपासून सुरुवात केली. नवऱ्याचा जुना सीडी प्लेअर माळ्यावरून काढला, पुसला. रोज संध्याकाळी भांडी घासून झाली की भावाशेजारी पलंगावर बसायचं, त्याचा डावा हात हातात घ्यायचा, मांडीवर थोपटायचा आणि गायचं. सत्तावन्नाव्या वर्षी मी “बंद करा हा उजेड, बंद करा” असं किंचाळत होते. समोरच्या खिडकीतल्या बाई दोनदा येऊन चौकशी करून गेल्या.

नवव्या दिवशी त्याने म्हटलं. “बंद करा.” चाल होती, शब्द होते, सगळं होतं. मी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तो स्वतःच इतका दचकला की त्याला हसू फुटलं, अर्ध्या तोंडाने.

पण आनंद चार दिवसही टिकला नाही. कारण आता जिथे ‘मग’ होतं तिथे ‘बंद करा’ आलं. भूक लागली, बंद करा. लघवीला जायचंय, बंद करा. मी पंखा बंद करायचे, नळ बघायचे, खिडकी लावून घ्यायचे, आणि तो डाव्या हाताने पलंगाची कड बडवायचा. एकदा दवाखान्यात त्याने सगळ्यांसमोर तेच गायला सुरुवात केली, “बंद करा, बंद करा,” आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ज्युनियर डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, यांना जगायची इच्छा नाही असं वाटतं का तुम्हाला? चोविसाव्या वर्षी झोकात लिहिलेली ओळ. आता त्याच्या पदरात तेवढेच शब्द होते आणि ती कुठल्याही अर्थाने वापरावी लागत होती. पुढे दोन आठवडे गेले, एकही नवा शब्द आला नाही.

थेरपिस्ट म्हणाली, “हे गाणं गाजलं असेल, पण त्यांच्यात खोल गेलेलं दिसत नाही. याच्याआधीचं काही? सगळ्यांत जास्त वेळा गायलेलं?”

“आहे,” मी म्हटलं.

“मग तिथूनच सुरुवात करायला हवी होती ना?” ती रागावली नव्हती. पण मला शाळेत उभं केल्यासारखं वाटलं.

त्या रविवारी दुपारी मी ‘जिन्याखाली’ लावला. भावाला उशी देऊन बसवलं. पहिली दोन गाणी नुसती आदळआपट, ड्रम म्हणजे कुणी पत्र्याच्या छपरावर दगड टाकतंय. भावाचा डावा पाय हलत होता. तिसऱ्या गाण्याच्या सुरुवातीला गिटारची एकच तार बराच वेळ वाजत राहिली. मग त्याचा आवाज आला. बावीस वर्षांचा.

*ताई, कडी काढ.*
*ताई, कडी काढ.*
*दाराखालच्या फटीतून*
*दिसतात तुझे पाय.*
*एक पाय दुसऱ्यावर घासतेस,*
*पान उलटतेस.*
*ताई, तू आहेस.*
*ताई, कडी काढ.*

लहानपणापासून मला सवय आहे, वाचताना मी एका पायाने दुसरा पाय घासते. अजूनही घासते. त्याने पाहिलं होतं. दाराखालच्या फटीला गाल लावून तो दिवसभर माझे पाय बघत होता, आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, कुठे होतीस. त्यानंतर हजार वेळा स्टेजवर उभं राहून त्याने ते गायलं, हजारो अनोळखी लोकांनी माझ्या नावाने बोंबलून मला कडी काढायला सांगितलं, आणि मी गावभर अंग चोरून, रेडिओची बटणं फिरवत हिंडत होते. ज्यांना तिकीट मिळालं त्या सगळ्यांना माहीत होतं. न ऐकणारी मी एकटीच.

आणि मग शेजारून आवाज आला.

“ताऽई.”

रेकॉर्डमधला नव्हे. त्याचा. “ताई, क… कडी काऽढ.” तो डावा हात स्वतःच मांडीवर आपटत होता. दुसऱ्या वेळी स्पष्ट. तिसऱ्या वेळी रेकॉर्डच्या बरोबरीने. मला जग ताई म्हणतं, दुकानातली माणसं, बंब, सलूनवाला. त्याच्या तोंडून सात आठवडे ते ऐकलं नव्हतं.

गाणं संपल्यावर मी प्लेअर बंद केला. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

“मी क्लासला गेले नव्हते,” मी म्हटलं. “तिथेच होते. दारासमोर. तुझी प्रत्येक हाक ऐकली मी. कॉलेजच्या भीतीने कडी काढली नाही, आणि नंतर तोंड वर करून खोटं बोलले. तुला माहीत होतं आणि तू…”

तो मान हलवायला लागला. नाही, नाही. मला वाटलं म्हणतोय, जाऊ दे आता. मी आणखी काहीतरी बोलायला लागले, रडू फुटलं होतं. त्याने डाव्या हाताने माझं मनगट पकडून जोरात हिसकलं. चेहऱ्यावर कणव वगैरे काही नव्हती. वैताग होता. वाक्याच्या मध्येच मी भलतीकडे निघाले म्हणून आलेला वैताग. त्याने हात लांब करून बोट दाखवलं. माझ्याकडे नाही. आमच्या बाहेरच्या दाराकडे.

“ताई, कडी काढ.”

मी दाराकडे बघितलं. कोपऱ्यातल्या खिळ्याला ते कुलूप टांगलेलं होतं, किल्लीसकट.

“ताई,” तो पुन्हा गायला, आणि बोट तिथेच. “कडी काढ.”

ते तीसेक वर्षांपूर्वीचं गाणं त्याच्या लेखी गाऊन गाऊन चोथा झालं होतं. माझ्यासाठी ते त्या दिवशी जन्माला आलं, त्याला मी काय करू? त्याला माझी माफी नको होती. उद्या सकाळी नऊ वाजता मी काय करणार आहे, त्याबद्दल तो बोलत होता. महिनाभर हेच सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते. आता मिळाले होते.

“पडशील,” मी म्हटलं.

“ताई, कडी काढ.”

“अरे, पन्नास-साठ पायऱ्या आहेत. मागच्या वेळी काय झालं ते विसरलास?”

“कडी काढ.”

मी ते कुलूप उचलून कपाटात टाकलं.

सोमवारी दार नुसतं लोटून कामाला गेले. त्या दिवशी एका बाईच्या चष्म्यात डावं भिंग उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसवलं, आणि मालकाने सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. दुपारी धापा टाकत घरी आले तर भाऊ खाली सलूनमध्ये, आरशासमोरच्या खुर्चीत ऐटीत बसलेला. सलूनवाला म्हणाला, “अर्धा तास लागला उतरायला. एकेक पायरी, कठड्याला धरून. मी मदतीला गेलो तर माझ्यावर काठी उगारली.”

त्यानंतरचे पाच आठवडे चांगले होते. पाच आठवडेच, पण होते. थेरपिस्टने त्याच चालीवर शब्द चढवले. ताई, पाणी दे. ताई, चहा कर. ताई, पाठ दुखते. ताई, गप बस. हे शेवटचं तिने शिकवलेलं नव्हतं. घरात दिवसभर ती एकच चाल, आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांसमोर ते जुनं दार यायचं. त्याच्या नाही. चहा गोड झाला नाही तर तो त्या सुरावर मला इतक्या थंडपणे झापायचा, की मी हसावं की रडावं? बंब रविवारी येऊन पातेल्यावर ताल धरायचा. एकदा सलूनसमोरून जाणारा एक टक्कल पडलेला माणूस थबकला, “कावळा?” म्हणाला, आणि तिथेच रस्त्यात ओरडला, “ताई, कडी काढ!” भावाने आतून साथ दिली. सलूनवाल्याला काय चाललंय ते कळेना. भाऊ कायम गाणारा माणूस म्हणून सगळ्या गल्लीला ओळखीचा झाला.

तेच नडलं. एका गुरुवारी, अकराच्या सुमाराला, तो दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पडला. काठी निसटली की पाय, कुणी पाहिलं नाही. सलूनवाल्याला वरून त्याचं गाणं ऐकू येत होतं. त्याला वाटलं, नेहमीसारखा गात उतरतोय. त्याने हातातल्या गिऱ्हाइकाची दाढी पूर्ण केली, मग केस कापले. गाणं थांबलं तेव्हा त्याला शंका आली. हे त्याने मला स्वतः सांगितलं, दवाखान्याच्या व्हरांड्यात, हातातला टॉवेल पिळत.

“काय गात होता?” मी विचारलं.

“मी नीट ऐकलं नाही हो. ताई असं काहीतरी. त्यांचं सगळंच ताईने सुरू व्हायचं.”

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, ते नीट झालं. सहाव्या दिवशी ताप चढला, आठव्या दिवशी छातीत पाणी. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यातून ना बोलता येत होतं ना गाता. मी त्याचा डावा हात धरून त्याच्या मांडीवर थोपटत राहायचे. नर्स म्हणाली, कशाला, त्यांना आराम करू द्या. मी थांबले. मग ती गेल्यावर पुन्हा सुरू केलं. त्याने एकदा माझा हात बाजूला सारला. दुसऱ्या वेळी सारला नाही. अकराव्या दिवशी सकाळी तो गेला. मी तेव्हा खाली औषधाच्या खिडकीपुढे रांगेत उभी होते.

पेपरात चार ओळी आल्या. बंब म्हणाला इंटरनेटवर खूप लोकांनी लिहिलंय. मी वाचलं नाही. थेरपिस्ट मुलगी अंत्यविधीला आली होती, मागे उभी राहून निघून गेली.

पाचव्या दिवशी भाड्याचा पलंग परत करायचा होता. बंब पाना घेऊन आला. त्याने बोल्ट सोडवले, डोक्याकडची आणि पायाकडची बाजू वेगळी केली. गादी सलूनवाला आधीच खाली घेऊन गेला होता. आम्ही दोघांनी मधली चौकट उचलली, बंब पुढे, मी मागे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने ती खाली टेकवली. दम लागला असेल, किंवा जागा आठवली असेल.

मी विचारलं. इतके दिवस विचारायला कुणी नव्हतं.

“मी कुलूप लावत राहिले असते तर?”

बंबने पाना एका खिशातून काढून दुसऱ्यात घातला.

“तर आज जिवंत असता,” तो म्हणाला.

मी भिंतीला टेकले. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण शब्द मागे घेतले नाहीत.

“तुला खोटं सांगू का?” तो म्हणाला.

“नको.”

“मग उचल. डावीकडे जरा तिरकं घे, इथे भिंत लागते.”

मी वाकले आणि माझी बाजू उचलली. भिंतीचा पोपडा घासून पडला. खाली सलूनवाल्याने टेम्पोचं मागचं फळकूट उघडून ठेवलं होतं. त्याने आमच्या हातातून चौकट घेतली आणि आत सरकवली. टेम्पो गेल्यावर बंब चहाला थांबला नाही. मी वर येऊन खोली झाडली, पलंगाच्या पायांच्या चार खुणा फरशीवर उमटल्या होत्या त्या ओल्या फडक्याने पुसल्या. दोनच गेल्या. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता कामाला गेले.